पन्नासची लेन्स आणि आईचा फोटो

मुकुलनं सकाळी सकाळी गाडी काढली आणि घरी 'जरा काम आहे' एवढंच सांगून थेट सांगली गाठली. काम कसलं डोंबल! कॅमेऱ्याची पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, प्राइम लेन्स घ्यायची होती. साताऱ्यात ती मिळत नव्हती असं नाही. पण साताऱ्यातला दुकानदार त्याच्या मित्राच्या, तानाजीच्या, ओळखीचा, आणि तोंडाचा असा सैल की संध्याकाळच्या आत बातमी तानाजीच्या कानावर गेली असती. मग तोंड कुठं लपवणार? गेली चार वर्षं हाच मुकुल चारचौघांत सांगत आला होता, की ज्याला परवडत नाही तो प्राइम घेतो आणि ज्याला फोटोग्राफी कळते तो झूम घेतो.

ज्यांना या भानगडीत रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झूम लेन्सची कडी फिरवली की लांबचं जवळ येतं, माणसानं जागचं हलायला नको. प्राइमला तसलं काही नाही, तिची नजर एकच. जवळचं हवं तर चार पावलं पुढं जा, जास्तीचं हवं तर मागं सरक, आणि मागं खड्डा असला तर खुशाल पड. फरक म्हणाल तर एवढाच. पण एवढ्याशा फरकावरून शहाणीसुरती माणसं बांधावरून भांडावं तशी भांडतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मुकुलचं साताऱ्यात चष्म्यांचं दुकान. तानाजी शिरवळच्या एका कारखान्यात फिटर, मूळचा कवठे महांकाळकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दोघांची गाठ कासच्या पठारावर फुलांचे फोटो काढताना पडली आणि पुढं दर रविवारी बरोबर हिंडायचा नाद लागला. मुकुलच्या गळ्यात भलीमोठी झूम, बॅगेत तिच्याहून मोठी दुसरी. तानाजीच्या कॅमेऱ्याला कुणीतरी वापरून विकलेली पन्नासची प्राइम, बस्स. मुकुल त्यावरून त्याची फिरकी घ्यायचा, तानाजी हसून सोडून द्यायचा. जोवर आपलेच फोटो सरस आहेत असं मुकुलला वाटत होतं, तोवर मैत्री झकास चालली होती.

बिघडलं ते जत्रेत. तानाजीनं गावच्या बिरोबाच्या जत्रेला जेवायला बोलावलं, तर मुकुलची आई अनसूयाबाई म्हणाल्या, मीही येणार. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे बोलतात, पण हौस दांडगी. तानाजीच्या आईनं, सुलाबाईंनी, त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर पुरणपोळी केली. देवळापुढं ढोल घुमत होते, धनगरी नाचाचे गजी फेर धरून नाचत होते आणि लोक मुठी भरभरून भंडारा उधळत होते. भंडारा म्हणजे हळद, पिठासारखी बारीक. तानाजीनं आधीच बजावलं होतं.

"मुकुलराव, काय वाट्टंल ते करा, पर भंडाऱ्यात लेन्स बदलू नगा. आमचा देव लय उधळ्या हाय."

मुकुलनं मान डोलावली आणि पाचव्या मिनिटाला लेन्स बदलली. मोठ्या झूमनं लांबचे चेहरे काढून झाले होते, आता त्याला सगळा फेर एका चौकटीत हवा होता. एक लेन्स काढली, दुसरी लावेपर्यंत कुणीतरी 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' म्हणून अशी मूठ सोडली की कॅमेऱ्याच्या पोटात हळद, लेन्सच्या कडीत हळद आणि ह्याच्या तोंडावर हळद. कडी फिरवली की करकर वाजायला लागली. झालं! जत्रा राहिली बाजूला आणि हा पठ्ठ्या तानाजीच्या अंगणात येऊन खाली मान घालून बसला. हातात हवेचा रबरी फुगा, तो दाबून दाबून फुसफुस हळद उडवतोय. समोरच्या बाजेवर आई बसली होती. तानाजी तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला, काहीतरी पुटपुटला आणि खटकन कॅमेऱ्याचा आवाज आला. मुकुलनं तो आवाज ऐकला, पण मान काही वर केली नाही.

आठ दिवसांनी तानाजीनं फोटो पाठवला. फोटोत आईची नजर लेन्सकडं नव्हती, जराशी बाजूला होती. कपाळाला भंडारा, हसू फुटू नये म्हणून दाबून धरलेले ओठ, आणि डोळ्यांत चेष्टा, काळजी, माया सगळं एकदम. मुकुलनं आजवर आईचे हजारभर फोटो काढले होते, पण त्यातल्या एकातही ही बाई नव्हती. त्याच्या पोटात असं काही दुखलं की त्यानं तानाजीला नुसता अंगठा पाठवला.

आईनं मात्र फोटो पाहिला आणि जाहीर करून टाकलं, "हाराला हाच लावायचा."

त्यामागं कारण होतं. गेल्या वर्षी त्यांच्या वाईच्या नणंदबाई गेल्या, तेव्हा घरात धड एक फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. हार घातलेल्या त्या फोटोत बिचारी पोलिसांना हवी असल्यासारखी दिसत होती. तेव्हापासून अनसूयाबाईंनी धसका घेतला होता. आपला फोटो आपणच निवडून ठेवायचा. रोज देवपूजा आटोपली की मुकुलला म्हणायच्या, "काढ बाबा चांगला एखादा." त्यानं काढलेला एकही त्यांना पसंत पडला नव्हता.

आणि आता तानाजीचा पसंत पडला! मुकुलच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या आई गेली की तो फोटो बैठकीत लागणार, भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणणार, काय सुरेख फोटो, तूच काढलास ना? आणि ह्यानं म्हणायचं, नाही, तानाजीनं. एवढे महागडे डबे गळ्यात बांधून हिंडणारा मुलगा, आणि आईचा शेवटचा फोटो दुसऱ्याचा! दुकानात त्याचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला जवळच्या नंबराच्या जागी लांबचा चष्मा देऊन बसला. तो बिचारा पेपर हातभर लांब धरून परत आला.

"सरळ सरळ जळताय तुम्ही," बायको स्वानंदी म्हणाली.

"मी? तानाजीवर? लेन्सचा फरक आहे तो."

स्वतःलाही त्यानं हेच पटवलं. पन्नासच्या प्राइमनं चेहरा मऊ येतो, मागचं सगळं विरघळतं, त्यात तानाजीची कर्तबगारी ती काय? तीच लेन्स मीही आणतो, मग बघू. म्हणून ही सांगलीची गुपचूप वारी.

दुपारी परत आला तो आईच्या मागंच लागला. जत्रेतलंच लुगडं नेसायला लावलं. गॅलरीत उजेडाकडं तोंड करून बसवलं. एवढ्यावर भागेना तेव्हा स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणून कपाळाला बोट लावलं. स्वानंदीनं दारातून पाहिलं आणि हसू आवरत आत निघून गेली. मुकुल आता चार पावलं पुढं येत होता, दोन पावलं मागं जात होता. गुडघ्यावर बसला, कुंडीला धडकला. "मान सरळ. आता हस. एवढं नको. बाजूला बघ. तिकडं नाही, इकडं." साठ फोटो काढले. साठच्या साठ फोटोंत आई पोलिसांना हवी होती.

"किती वेळ रे? पाठ अवघडली माझी."

तेव्हा त्याचा बांध फुटला. कॅमेरा खाली ठेवून तो लहान पोरासारखा बोलून गेला, "तानाजीकडं बघून बरं हसता येतं तुला! माझ्या पुढं आलीस की दगड होतेस. मुलगा मी आहे की तो?"

अनसूयाबाईंनी कपाळावरची हळद पदरानं पुसली.

"तानाजीकडं? मी कशाला बघू तानाजीकडं? तू बसला होतास ना समोर. तोंड पिवळं, कान पिवळे, तो फुगा घेऊन फुसफुस फुसफुस. रुसलेला. लहानपणी तुझे बाबा कामावरून येईपर्यंत घड्याळ उघडून ठेवायचास आणि मग जुळेना म्हणून रडवेला व्हायचास, अगदी तसा. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालास, टक्कल पडायला आलं, तरी तस्साच. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. तो तानाजी एवढंच म्हणाला, काकू, बोलू नका, तशाच बघत राहा."

"मग हाक का नाही मारलीस मला?"

"मारली असती तर तू कॅमेरा घेऊन उठला असतास."

त्यानं फोनवर तो फोटो पुन्हा उघडला. आठ-दहा दिवस ज्या नजरेवरून तो जळत होता, ती नजर त्याच्यावरच होती. चौकटीच्या बाहेर, दोन हातांवर, तो स्वतः बसला होता. नवी लेन्स मांडीवर पडली होती. ती उचलून बॅगेत टाकावी एवढंही त्याला भान राहिलं नाही. त्यानं तानाजीला फोन लावला.

"तानाजी, आईच्या फोटोची मोठी फाइल पाठव. फ्रेम करायचीय. आत्ताच लावतो, हारासाठी नाही."

"आँ? आवं मला वाटलं तुमाला फोटू आवडलाच न्हाई. नुस्ता अंगठा धाडला व्हता." तानाजी पलीकडून खुशीत आला. "धाडतो की. कोपऱ्यात माझं नाव हाय बघा, ते काढून धाडतो. तुमच्या घरात लागायचा फोटू, त्यात माझं नाव कशाला?"

मुकुलचं जळणं काही विझलं नव्हतं, उलट आता जास्तच भडकलं होतं. इतके दिवस त्याचा राग लेन्सवर होता, फोटोवर होता. आता समजलं की आईनं त्याच्याकडं तसं पाहिलं, आणि ते बघायला समोर तानाजी होता.

"नाव राहू दे," तो म्हणाला. "तिला तसं बघताना तूच पाहिलंस. मी कुठं पाहिलं?"