मी दाखवलं, त्यांनी पाहिलं नाही

मित्रांनो, मी एक जुना सोनोग्राफी संच आहे आणि आज मला मनातली मळमळ ओकायची आहे. औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात मी अकरा वर्षं राबलो. डॉक्टर आदिनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ह्याच्या नजरेतून काही सुटत नाही." मी खुळा, त्या कौतुकावर जगलो.

गेल्या वर्षी वैजापूरकडच्या बानाबाई आल्या. मेंढरांमागे फिरणारी बाई, पण हाडं ठणकत होती, दोनदा मुतखडा झालेला, रक्तात कॅल्शियम वाढलेलं. गळ्यात थायरॉईडच्या मागे परावटू नावाच्या चार इवल्या ग्रंथी असतात. एखादी फुगली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढते. बानाबाईंची तशी फुगलेली एक मी दाखवली, वाटाण्याएवढी, काळसर. डॉक्टरांचं लक्ष मोबाइलमध्ये. रिपोर्टचा मजकूर संगणकात तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं. 'मान नॉर्मल' छापून निघालं. मला वाचा असती तर ओरडलो असतो.

पाच महिन्यांनी कोकरू उचलताना बानाबाईंचा हात मोडला. या खेपेला नव्या डॉक्टर सुकेशनी यांनी माझ्याच पडद्यावर तीच गाठ शोधली. आजींचं हृदय कमजोर, म्हणून ऑपरेशन टाळलं. पडद्यावर नजर रोखून त्यांनी गळ्यात सुई सरकवली आणि गाठ उष्णतेनं जाळत नेली. आवाजाची नस शेजारीच होती; तिला चटका बसला तर बोलण्यातूनच कळलं असतं.

"आजी, मधेमधे बोला. मेंढ्यांची नावं सांगा."

"काळी, बांडी, लंगडी... लई हायेत बाई. तुमची सुई निघंल, नावं सरायची नाय."

आवाज शाबूत राहिला. माझा ऊर भरून आला.

बाहेर बानाबाईंचे पती मल्हारराव जुना रिपोर्ट घेऊन उभे होते. डॉक्टर आदिनाथ म्हणाले, "मशीन जुनं झालंय. तेव्हा त्यात दिसलं नसेल."

"मंग आज त्याच्यातच कसं दिसलं, साहेब?"

तरी डॉक्टरांनी शब्द मागे घेतला नाही. अकरा वर्षांच्या सोबत्यानं स्वतःच्या चुकीचं खापर माझ्या माथी फोडलं. याला दगा नाही तर काय म्हणायचं? आठवड्यात नवा संच आला. बंद संच कुणी चोरून वापरू नये या नियमानं मला लाखेचं सील ठोकून जिन्याखाली ढकललं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण यंत्र दाखवतं, बघायचं माणसानंच असतं. तुम्ही आधी बघा, मग लिहा. बानाबाईंचं कॅल्शियम आता उतरलंय. उजवा हात मात्र वाकडाच जुळला. साठीच्या पुढे ती बाई डाव्या हातानं भाकरी थापायला शिकते आहे.