आत : शून्य

दोन मशीनं बसवायची आणि तिसऱ्या डबीला नाही म्हणायचं, ही अक्कल हेड ऑफिसची. "छोटी साइट आहे, दोन पुरे!" म्हणे. आमचा बोगदा डोंगरात खोदला जातोय. एक सर्व्हर वर ऑफिसच्या कंटेनरमध्ये, दुसरा खाली बोगद्याच्या तोंडाशी, पहारेकरी काकांच्या खोलीत. दोघांत माहिती एकच : दाराला कार्ड लावून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं. इकडे लिहिलं की तिकडे उमटतं, एक मेला तर दुसरा काम उचलतो. पण मधली केबलच तुटली, तर प्रत्येकाला वाटतं समोरचा मेला, आणि दोघंही मालक होऊन बसतात. अशा वेळी खरा कोण ते सांगायला ती डबी लागते. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं मी.

आज सकाळी पोकलेननं नेमकी ती केबल तोडली. मी धावतपळत जोडली, पण तोवर दोन्ही सर्व्हर आपापलं लिहीत बसले होते. पडद्यावर प्रश्न आला : कोणती प्रत ठेवायची?

"थांबा, दोन्ही ताडून बघतो," मी फोनवर म्हणालो.

साहेबांना कुठला धीर! "सुरुंगाची वेळ झालीय. ज्यात शेवटची नोंद ताजी, ती ठेवायची," म्हणाले, आणि तिथूनच बटण दाबून मोकळे झाले. वरची प्रत राहिली, खालची पुसली गेली. भिंतीवरच्या बोर्डावर आलं, आत : शून्य. शेजारी हिरवा दिवा.

तिसऱ्या भोंग्याला सुरुंग उडतो. पहिला वाजला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. वरची ताजी असणारच! आमचा क्लार्क सारखा सिगारेट ओढायला बाहेर पडतो आणि प्रत्येक वेळी ऑफिसच्या दाराला कार्ड लावतो. आणि खालच्या दारातून, केबल तुटलेली असताना, माझी ताई आत गेली होती. तिची नोंद फक्त खालच्या, पुसलेल्या प्रतीत. ती इथं सर्व्हेअर आहे. "गधड्या, तुझं जोडकाम होईपर्यंत मी मापं उरकते," म्हणाली होती.

आत तिचा फोन लागत नाही, पंख्याच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही. सुरुंगवाला पार पलीकडच्या आडोशाला, आणि भोंग्यानंतर वॉकीटॉकी बंद. त्याची चावी मात्र हिरवा दिवा असेल तरच फिरते. मी वरच्या सर्व्हरची वायर उपटली. बोर्ड क्षणभर विझला आणि पुन्हा पेटला. आत : शून्य. खालच्यानं काम उचललं होतं. त्यासाठीच तर बसवला होता मी मेल्याला!

मी खालचा टेलिफोन लावला. "काका, ताई बाहेर आली?"

"आली असेल की. मी जेवत होतो. बोर्ड शून्य दाखवतोय ना?"

"बोर्ड गेला खड्ड्यात! तुमच्या खोलीतल्या मशीनची वायर उपटा!"

"अरे, साहेबांना विचारल्याशिवाय कसं..."

दुसरा भोंगा वाजला.

"काका, माझी बहीण आहे हो आत!" मी रडतच होतो, लाज कसली.

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. बोर्ड विझला, तो विझलाच. हिरवा दिवा गेला. तिसरा भोंगा वाजलाच नाही.

मी उतारावरून धडपडत खाली पोचलो, तेवढ्यात ताई बाहेर आली, धुळीनं पांढरीफटक. "काय रे, भूत बघितल्यासारखा काय बघतोस?" मी तिला घट्ट मिठी मारली. किती वेळ सोडवेना.

खिशातला फोन वाजला. साहेब! "दोन्ही मशीनं बंद? क्लार्क म्हणतो, तुझी बहीण आत होती. आली ना बाहेर? मग कर सुरू, उशीर होतोय."

"हो साहेब, आली. करतो," मी म्हणालो. खरंच म्हणालो. काकांच्या खोलीत शिरून वायर हातातसुद्धा घेतली.

"काय सुरू करतोस?" ताईनं विचारलं.

"मशीन. सुरुंग राहिलाय ना."

ताईचा चेहरा उतरला. "अरे, माझ्यामागून ड्रिलवाले दोघं गेलेत आत. ते कुठंयत?"

माझ्या हातातून वायर गळून पडली. फोनवर साहेब हॅलो हॅलो करत राहिले. काकांनी खुर्ची उचलून प्लगसमोर ठेवली आणि त्यावर ठाण मांडून बसले. मी आणि ताई त्या दोघांना नावानं हाका मारत आत शिरलो.