हॉलमध्ये ठेवायचा बंब

आमच्या घरी बायकोची वेणी मी घालतो. हे अभिमानानं सांगण्यासारखं नाही, कारण ती वेणी मी स्वतः पाहिलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात करुणाला चिकनगुनिया झाला. ताप उतरला, पण बोटांत जाऊन बसलेलं दुखणं काही उठायला तयार होईना. सकाळी तिची बोटं वळतच नाहीत. उन्हं वर आली की सैल पडतात, मग ती पोळ्या लाटते, भाजी चिरते, मला बोलते, सगळं करते. पण केसांचं काम सकाळचं. म्हणून तिच्या मागे खुर्ची टाकून मी बसतो. सुरुवातीला पेड तीन असतात. शेवटाला कधीकधी दोनच उरतात. तिसरा कुठं गेला, हे ती विचारत नाही. आरशात बघते, ‘छान झाली’ म्हणते आणि बाहेर जाताना डोक्यावरून पदर घेते. आमच्या घराण्यात पदर घ्यायची पद्धत नव्हती. ती माझ्या वेणीनं सुरू केली.

डॉक्टर म्हणाले, सकाळी उठल्याउठल्या हात चांगल्या गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवा. आमच्या गिझरला एक लाल दिवा आहे, आणि तो फार उत्साहानं लागतो. पाण्यापर्यंत तो उत्साह पोचत नाही. एक बादली झाली की गार पाणी सुरू. करुणा एकदाच म्हणाली, “वैजापूरला आमच्याकडं बंब होता, नाही का?” मी तिच्या माहेरचा बंब लग्नात पाहिला होता, त्यामुळं तो होता की नव्हता हे मला विचारायचं कारण नव्हतं. म्हणजे ती मागणी होती. लग्नापासून तिनं माझ्याकडं इतक्या कमी गोष्टी मागितल्यात, की मागितलेलं ओळखायला मला दोन दिवस लागले.

नव्या पोरांसाठी सांगतो. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप. पोटातून धुराडं गेलेलं, खाली जाळीवर लाकडं पेटवायची, वरून पाणी ओतायचं, बाजूच्या तोटीतून कढत पाणी घ्यायचं.

आमची मुलगी सायली शाळेत शिकवते. तिच्याबरोबर आमरीन नावाची शिक्षिका आहे. तिचे आईवडील पडेगावला राहतात, त्यांच्याकडं एक जुना बंब विकायचा आहे, अशी बातमी सायलीनं आणली. म्हातारा-म्हातारी लेकीच्या फ्लॅटवर राहायला चालली होती. चौथ्या मजल्यावर लाकडं पेटवली की सोसायटी खाली उतरून जमते. सायली हेही म्हणाली, की दोन गिऱ्हाइकं हात हलवत परत गेलीत, आमरीनची अम्मी माणूस बघून देते. या वाक्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. मी लक्ष दिलं ते जुनी वस्तू घेताना जाणकार सोबत असावा या विचाराकडं, आणि शेजारच्या तात्यासाहेबांना बरोबर घेतलं.

तात्यासाहेब मूळचे पाचोडचे. तिथल्या बाजारात त्यांनी तरुणपणी बैल पारखलेत, आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू ते बैल समजूनच पारखतात. माझा फ्रिजही त्यांनी पाठीवर थाप मारून पसंत केला होता. त्यांच्याच गाडीतून सकाळी लवकर निघालो. दौलताबादच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि मला डाव सांगितला.

“गरज दाखवायची नाय. पाणी तापवायला पायजे म्हणलं की भाव चढला. म्हणायचं, शोभेला पायजे. हॉलमधी ठेवू, वर झाड लावू. मग ते मोडीच्या भावात येतंय.”

तात्यासाहेबांचा खाली आणलेला आवाज साधारण देवगिरीच्या किल्ल्यापर्यंत जातो. मागं बसलेल्या करुणाला तो ऐकू गेला नसेल, असं म्हणणं तिच्या कानांचा अपमान होईल. पण ती खिडकीबाहेर बघत होती. तिचं हे खिडकीबाहेर बघणं मी ओळखतो. त्यात माझ्याबद्दलचं मत असतं.

आमरीनचे वडील, हबीबभाई, दारातच उभे होते. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, उंच, कमी बोलणारा माणूस. घरातलं निम्मं सामान खोक्यांत गेलेलं. मागच्या अंगणात न्हाणीघराच्या भिंतीला लागून बंब उभा होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. तो बघून करुणानं दोन्ही हात पदरात घेतले. मला तेव्हाच कळलं की बंब नाही मिळाला तर मला महागात पडेल, आणि ते पैशात मोजता येणार नाही.

तात्यासाहेबांनी बंबाच्या पोटावर थाप मारली. कान लावला. कड्या धरून हलवला, तोटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तळाशी गळती बुजवायला एक जुना डाग दिलेला होता, तो नखानं खरवडून ‘हं’ केलं. दात असते तर तेही मोजले असते.

इकडं आमरीनच्या अम्मीनं, मेहरुन्निसा आपांनी, आम्हाला बाजेवर बसवलं होतं. आपा बुटक्या, पाठीत वाकलेल्या, नजर मात्र सरळ. चहा ओतता ओतता त्यांनी मला विचारलं, बंबा कुठं ठेवणार. मी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, की हॉलमध्ये. पॉलिश करून. आणि सुरू झालोच आहे तर नीट सांगावं म्हणून पुढं म्हणालो, की वरती मनीप्लांट सोडायचा विचार आहे.

आपांचा ओतणारा हात थांबला. कप अर्धाच भरलेला होता.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “तो फिर नक्को, भाईसाहब. उगाच आलात एवढ्या लांब. चहा घ्या.”

मी काही सावरणार, तेवढ्यात अंगणात दुसरं प्रकरण घडलं. धुराडं मोकळं आहे की तुंबलंय, हे बघायला तात्यासाहेब गुडघ्यावर बसले होते. हबीबभाईंनी दोनदा सांगितलं, की राख काढलेली नाही. तात्यासाहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, खालच्या दारात तोंड घातलं आणि छाती भरून फुंकर मारली. धुराडं तुंबलेलं होतं. फुंकर आत गेली, तिला वर वाट मिळाली नाही, आणि ती आली तशी परत आली, राख बरोबर घेऊन.

तात्यासाहेब गव्हाळ वर्णाचे आहेत. उठले तेव्हा नव्हते.

कुणीही हसलं नाही. त्या घराची रीतभात अशी, की आपांनी नुसतं ‘या अल्ला’ म्हटलं आणि पदर तोंडाला लावला. बराच वेळ लावला. हबीबभाईंनी ठरवून टाकलं, की पाहुणा असा दारातून जायचा नाही, आंघोळ करूनच जाईल. डिसेंबरचा महिना, टाकीचं पाणी बर्फासारखं. तेव्हा जो बंब आम्हाला द्यायचा नव्हता, तोच आमच्यासाठी पेटवायचं ठरलं. हबीबभाईंनी एक लांब तार धुराड्यात घालून ते मोकळं केलं. आपांनी पाणी भरलं, तुराट्या मोडून आत सारल्या, वर बाभळीच्या ढलप्या ठेवल्या आणि काडी लावली. धूर सरळ वर गेला. करुणा बाजेवरून त्या धुराकडं बघत बसली होती, आणि मी करुणाकडं बघणं टाळत होतो.

पाणी तापेपर्यंत आपांनीच सांगितलं. आधी एक हॉटेलवाला आला होता. त्याला काउंटरवर ठेवायचा होता, आत रंगीत दिवा सोडून. दुसरी एक बाई छत्र्या ठेवायला मागत होती. ईदच्या पहाटे या बंब्यावर सगळी गल्ली नहायची, पोरं रांगेत उभी राहायची, आमरीनच्या पहिल्या न्हाण्याचं पाणी यातलंच. त्याच्यात आता छत्र्या ठेवायच्या? आवाज चढवून नाही सांगितलं त्यांनी. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी मनीप्लांट गिळला.

तात्यासाहेबांची आंघोळ बराच वेळ चालली. आतून आधी ‘आहाहा’ आलं, मग अभंग आला. शेवटी ते हबीबभाईंचा पांढरा कुर्ता-पायजमा घालून बाहेर आले, बाजेवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “पाणी म्हंजे पाणी हाय राव हे.” मग चहा मागितला.

आपा तोटीकडं बघत होत्या. खाली जाळ धडधडत होता, आणि तात्यासाहेबांनी अभंगाच्या नादात बहुतेक बंब उपसला होता; पाणी नसलं की तळ जळतो. गिझर असता तर त्याचा तो भरला असता. आम्ही गिझरवाले, काढलेलं पाणी परत कोण भरतं, हा प्रश्न आम्हाला पडत नाही. आपा गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या.

त्यांच्याआधी करुणा उठली. मला वाटलं, आता ही गाडीत जाऊन बसणार. ती नळाकडं गेली. बादली भरली, बोटांत धरता येईना म्हणून कडी कोपराच्या बेचक्यात अडकवली, बंबाचं झाकण उघडलं आणि अर्धी बादली थोडी थोडी वरून ओतली. मग उरलेली ओतली. मी धावलो, तर तिनं नजरेनंच मागं सारलं. मग तिनं घमेल्यात तोटीतून कढत पाणी घेतलं, त्यात गार मिसळलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत सोडले. डोळे मिटले. बऱ्याच वेळानं तिनं हात काढले, आणि घेतलं होतं तेवढं पाणी बादलीतून पुन्हा वर ओतलं. या खेपेला बादली बोटांनी धरली होती.

“कहां की है तू?” आपांनी विचारलं.

“वैजापूरची.”

“बंबा होता घरात?”

“होता, आपा. कितीही पाणी घेतलं तरी आई रागवायची नाही. न ओतता बाहेर आलं की रागवायची.”

“हौ,” आपा म्हणाल्या. “मेरी सास भी.” त्यांनी करुणाचे ओले हात आपल्या हातात घेतले, एकेक बोट दाबून पाहिलं आणि ते न सोडताच माझ्याकडं वळल्या. “और मनीप्लांट?”

“वाळला,” मी म्हणालो.

आता मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला नाही. हबीबभाईसुद्धा हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं तात्यासाहेब हसले, ज्यांनी ते रोप मला दिलं होतं.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा तात्यासाहेबांनी सवयीनं घसा खाकरला. पण हबीबभाईंचा कुर्ता घालून हबीबभाईंशी घासाघीस करणं त्यांना जमेना. त्यांनी बाह्यांकडं पाहिलं, थोडा विचार केला आणि मला म्हणाले, “डाग हाय तळाला. पण देऊन टाका मागतील ते.” त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात कमी अटींचा सौदा असावा.

दुसऱ्या दिवशी टेम्पो नेला. हबीबभाईंनी बंब रिकामा केला होता, पण आपांनी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यात एक तांब्या पाणी ओतलं. रिकामा पाठवत नाहीत, एवढंच म्हणाल्या. ड्रायव्हर कुरकुरला, की सांडेल. मग मी मागं बसून झाकण धरलं. पडेगावपासून सिडकोपर्यंत ते पाणी माझ्या मांडीजवळ डुचमळत होतं. आपा दारात उभ्या राहून टेम्पो वळेपर्यंत बघत होत्या, आणि बंबाच्या वतीनं मी त्यांना हात केला.

आता तो आमच्या मागच्या अंगणात असतो. पहाटे मी उठतो, ढलप्या लावतो, करुणा हात बुडवून बसते. पहिले काही दिवस फरक पडला नाही. मग थोडा पडला. डॉक्टर म्हणतात, दुखणं जुनं होत आलं की असंही कमी होतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांच्याकडं गिझर आहे.

परवा सकाळी आंघोळ करून मी खुर्ची घेऊन आलो, तर करुणा आरशासमोर बसलेली होती आणि हात डोक्यामागं होते. सावकाश चाललं होतं, मध्ये दोनदा थांबली. पण पेड तीनही होते, आणि शेवटपर्यंत तीनच राहिले. गाठ मारून तिनं वेणी पुढं घेतली, बघितली, आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, की तुमच्याइतकी घट्ट नाही झाली.

रिकामी खुर्ची तशीच धरून मी पडेगावच्या आपांना, म्हणजे आता आमरीनच्या फ्लॅटवर, फोन लावला. आपांनी घेतला. आभार कसे मानायचे, त्याची वाक्यं मी मनात जुळवली होती, चांगली होती. पहिलंच सुरू केलं, की आपा, तुमच्या बंबामुळं आज—

“सुबह का बंबा हो गया?” त्यांनी मध्येच विचारलं. “शेवटी कोण नहालं?”

“मी.”

“भरला?”

मी फोन करुणाच्या हातात दिला आणि बादली घेऊन मागं पळालो.