वाकड्या करंगळीची मूठ

बशीरला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, हात राहत. आठवड्यापूर्वीचं गिऱ्हाईक पुन्हा समोर उभं राहिलं की तो आधी ओशाळं हसायचा, मग हात पुढे करायचा, आणि हातात हात आला की लगेच नाव घ्यायचा. दुकानाचे म्हातारे मालक अबू सालेम यावरून पाहुण्यांसमोर त्याची थट्टा करत. आखाती देशातल्या उम्म सलाल मोहम्मदमध्ये त्यांचं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. पुढे शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या टोप्या, जाड हातमोजे, तंबू. मागे एक बुटकी खोली. तिथे बशीर जुन्या बंदुका आणि पिस्तुलं नीट करायचा. मूळचा म्हसळ्याकडचा. बाप गावात रानडुकरांवर चालवायच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा, तोच हात पोरात उतरला आणि समुद्र ओलांडून इथवर आला.

वर्ल्ड कपला अजून बरीच वर्षं होती, पण देश आत्तापासूनच खणून ठेवला होता. लग्न कधी आणि मांडव कधी, असला प्रकार. दुकानासमोरचा रस्ता दर महिन्याला नव्या बाजूने वळायचा, आणि नवे रस्ते जिथून जाणार तिथल्या जमिनींवरून सख्ख्या भावांची बोलणी बंद झाली होती. बशीर म्हणायचा, आपण बरं आपलं काम बरं. हे वाक्य माणूस जितक्या वेळा म्हणतो तितकं ते खोटं ठरायला टपलेलं असतं.

एका सकाळी नायफ आला. हा अल हिलालमध्ये राहणारा, बशीरचा धाकटा भाऊ अश्फाक याचा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो आला तो मालक. अश्फाक त्याची गाडी चालवायचा, त्याच्याच व्हिलाच्या कुंपणातल्या खोलीत राहायचा, आणि नायफच्या सहीशिवाय त्याला देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे. त्यामुळे बशीरने त्याच्यासाठी खुर्ची पुसली, गावा म्हणजे अरबी कॉफी मागवला.

नायफने मखमलीतून एक पिस्तूल काढलं. बेल्जियमचं, त्याच्या बापाच्या वेळचं. लोखंडाचा निळा रंग अजून शाबूत होता, मूठ मात्र तडकलेली. बशीरने ते तोलून पाहिलं, चाप हलकेच दाबून पाहिला.

"चाप हलका कर," नायफ अर्ध्या अरबी, अर्ध्या हिंदीत म्हणाला. "आणि मूठ नवी. हाताला अशी बसव, की दुसऱ्या कोणाच्या हाताला लागूच नये."

"तुमच्या हाताला?"

"माझ्या मामांच्या. भेट द्यायची आहे. ते इथे येणार नाहीत."

याला बशीरची एक युक्ती होती. त्याने डब्यात ओल्या मातीचा गोळा घालून दिला. पिस्तूल धरल्यासारखा आवळायचा, डबा बंद करायचा, परत आणायचा. मातीत बोटं उमटतात, आणि त्या बोटांवरून तो अक्रोडाचं लाकूड कोरतो.

दोन दिवसांनी नायफ स्वतः डबा ठेवून गेला. दुपारी बशीरने झाकण उघडलं आणि गोळा उजेडात धरला. तीन बोटं नीट उमटली होती. चौथ्या बोटाच्या जागी माती तशीच फुगून राहिली होती, आणि खाली एका बाजूला करंगळीच्या पेराचा नुसता ओरखडा. ही करंगळी मुठीत येतच नव्हती. लहानपणी होडी ओढताना दोरात सापडून मोडलेली, गावच्या हाडवैद्याने वाकडीच बसवलेली करंगळी. तळव्याच्या ठशात आडवा व्रण होता, कोयतीचा. बशीरने गोळा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. ज्या हाताला धरून त्याने आपल्या भावाला पहिल्यांदा मदरशात नेलं होतं, तो हात त्याला मातीत काय, राखेतसुद्धा ओळखू आला असता.

मामा वगैरे सगळी थाप होती. मूठ अश्फाकसाठी होती. पण ड्रायव्हरसाठी बापाच्या पिस्तुलाला मूठ कोण बसवून घेतो?

शुक्रवारी जुम्मा झाल्यावर दोघे भाऊ एशियन टाउनमध्ये भेटायचे. त्या दिवशी बशीरने चहासुद्धा सांगितला नाही.

"नायफने तुला माती दिली होती?"

"होय," अश्फाक म्हणाला. "सायबान गोला दिलान, बोलला दाब, मी दाबला. त्यात काय झाला?"

"कशाला दाबायचा, ता तरी इचारलास?"

"कफिलाला काय इचारायचा, भाई? माज्या हाताचा नमुना त्याला आवडला आसंल." आणि तो हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि पोरगा वर हसत होता.

मग बोलता बोलता त्याने दुसरी गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यापासून त्याची ड्युटी बदलणार होती. नायफच्या सावत्र मोठ्या भावाकडे. त्या भावाचं उम्म सलालला शेत होतं, नव्या रस्त्याच्या तोंडावर, आणि तो ते विकायला तयार नव्हता. दोघा भावांत सहा महिने बोलणं नव्हतं. "आता समेट झालाय वाटतं," अश्फाक म्हणाला. "मना बोलला, माज्या भावाची गाडी आता तू चालव. त्याला मी दिलेला ड्रायव्हर आवडंल."

बशीर मनात एकेक जोडत गेला. चाप हलका, मूठ अश्फाकच्या हाताची, आणि अश्फाक त्या मोठ्या भावाच्या गाडीत. उद्या त्या गाडीत किंवा त्या शेतात काही झालं, पिस्तूल सापडलं, तर पहिला प्रश्न हाच येणार: ही मूठ कोणाच्या हाताला बसते? आणि दुसरा: बनवली कोणी? त्याच्याच भावाने. दोन हिंदी भाऊ, एक ड्रायव्हर, एक बंदुकवाला. गोष्ट इतकी नीट जुळत होती की ती कोणीतरी बसून जुळवलेली असणार. नायफ इतक्या दुकानांतून याच दुकानात का आला, हे बशीरला तिथे, गर्दीत उभ्या उभ्या कळलं.

त्याने अबू सालेमना सांगून पाहिलं. नाव घेतलं नाही, फिरवून सांगितलं. म्हाताऱ्याने हातातली तसबीची माळ फिरवली. माणूस वाईट नव्हता. बशीरच्या बायकोच्या आजारपणात त्यांनीच तिकीट काढून दिलं होतं. पण नायफचं घराणं आणि त्यांचं घराणं सोयरिकीतलं.

"बशीर," ते म्हणाले, "तू लाकूड बघ. लाकडात दिसेल तेवढंच बोल."

पोलिसांत जायचं तर हातात काय? मातीचा एक गोळा. अश्फाकला घरी पाठवायचं तर सही नायफची. नाही म्हणून पिस्तूल परत द्यावं, तर नायफ दुसरा कारागीर शोधणार, आणि अश्फाक तिथेच, त्याच्या कुंपणात. बशीरची पाचावर धारण बसली. जेवताना घास फिरायचा, नमाजात रकात चुकायची. आणि हात मात्र काम करत होते, कारण काम थांबलं तर संशय येणार.

लाकूड अर्धं कोरून झाल्यावर त्याने नायफला बोलावून घेतलं. "तोल बघायचा आहे, अरबाब. वजन पुढे जातंय का सांगा." कच्च्या मुठीला त्याने काजळी चोळून ठेवली होती. नायफने पिस्तूल धरलं, भिंतीवर नेम धरला, खाली ठेवलं, आणि आपला काळा झालेला तळवा बघून तोंड वाकडं केलं. बशीरने माफी मागत फडकं पुढे केलं. नायफ गेल्यावर त्याने दार लावून मूठ उजेडात धरली. जिथे नायफचा हात टेकला तिथली काजळी उडालेली, जिथे टेकला नाही तिथे तशीच. बशीरने कानस उचलली.

पुढच्या आठवड्यात पिस्तूल तयार झालं. लोखंड आरशासारखं नाही, मऊ चमकत होतं. अक्रोडाच्या रेषा मुठीवरून पाण्यासारख्या उतरत होत्या. आयुष्यात त्याने इतकं सुंदर काम केलं नव्हतं, आणि त्या कामाची त्याला किळस येत होती.

नायफने पिस्तूल उचललं. मूठ त्याच्या हातात बसली. नुसती बसली नाही, शिरली. त्याने बोटं उघडली, पुन्हा मिटली. मग हात बदलून पाहिला आणि पुन्हा उजव्यात घेतलं.

"हा माझा हात आहे," तो म्हणाला.

"हो, अरबाब. माती उन्हात तडकली. मग मी विचार केला, लायसन्स तुमच्या नावावर आहे. मालकाचं पिस्तूल मालकाच्याच हाताला बसावं. आता ते दुसऱ्या कोणाच्या हाताला लागणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात."

पिस्तूल रिकामं आहे हे ठाऊक असूनही बशीरची नजर नळीच्या तोंडावरून हलेना. नायफने ते सावकाश मखमलीत गुंडाळलं.

"अश्फाकची करंगळी वाकडी आहे, नाही?"

"लहानपणापासून."

"मला ते आधी लक्षात यायला हवं होतं." त्याने गाव्याचा पेला संपवला, आता पुरे म्हणून हलवून ठेवला. "गावाला जायचं म्हणत होता. आई आजारी आहे ना तुमची?"

आई ठणठणीत होती. "हो," बशीर म्हणाला.

"मग जाऊ दे त्याला. खलास."

आणि खरोखर सही झाली. अश्फाक कुरकुरत गेला, चांगली नोकरी गेली म्हणून भावाला चार शब्द ऐकवून गेला. विमान सुटल्याचा निरोप आला तेव्हा बशीर खोलीत एकटाच रडला. सुंठीवाचून खोकला गेला. त्याने अबू सालेमच्या दुकानात सगळ्यांना खजूर वाटले, आणि कोणी कारण विचारलं नाही.

थंडी सरता सरता एका दुपारी एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस मागच्या खोलीच्या दाराशी आला. हातात डबा. बशीर घरी फोनवर बोलत होता, ते ऐकून त्या माणसाचा चेहरा खुलला.

"तुमी मराठी? आवो, मी अंबाजोगाईचा. गोविंदराव. नायफ सायबाकडं नवीन डायवर हाय. दोन म्हयनं झालं, मराठी शबूद कानावर न्हाई." तो न सांगता स्टुलावर बसला आणि डबा टेबलावर ठेवला. "हे तुमाला द्यायला सांगितलंय. म्हणले, जुनी मूठ काढून ह्याच्या मापाची बसवायची. पिस्तूल मागनं येतंय."

बशीरने झाकण उघडलं नाही. गोविंदरावाच्या नखांत माती होती.

"सायबानं गोळा दिला, दाब म्हणलं, म्या दाबला," गोविंदराव म्हणाला. "पर हे असतंय कशापायी? म्या इचारलं बी त्यांला. निस्तेच हसले."

अश्फाकने जे विचारलं नाही म्हणून बशीरने त्याला फटकारलं होतं, तेच हा माणूस समोर बसून विचारत होता. उत्तर बशीरच्या जिभेवर होतं. पळ, आजारी पड, गाडी ठोक, काहीही कर, पण त्या मोठ्या भावाच्या गाडीत बसू नकोस. एवढंच म्हणायचं होतं. पण आता नायफला ठाऊक होतं की बशीरला ठाऊक आहे. आणि तरी त्याने डबा इथेच पाठवला होता. या वेळी माती उन्हात तडकून चालणार नव्हतं. आणि सगळ्यात आधी, सगळ्याच्या वर, बशीरच्या मनात आलं ते हे, की हा हात अश्फाकचा नाही. तो सुखावला. सुखावल्याची त्याला लाज वाटली, पण सुख काही गेलं नाही.

"शोभेचं असतं," तो म्हणाला. "कपाटात ठेवतात."

"मंग बरंय. मला वाटलं, काय लफडं बिफडं." गोविंदराव मोकळं हसून उठला. "येतो आता. पुढच्या म्हयन्यापून त्येंच्या मोठ्या भावाची गाडी हाय माझ्याकडं. लई शांत मानूस म्हनत्यात."

त्याने निरोपाला हात पुढे केला. मोठा, रुंद, कामाचा हात.

"माझे हात तेलकट आहेत," बशीर म्हणाला, आणि आपले स्वच्छ हात टेबलाखाली नेले.