पाण्यावरची रेघ

सासरे आजवर दुसऱ्याने चालवलेल्या मोटरबोटीत बसले नव्हते. आज सुकाणू सुनेच्या हाती होतं. पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत त्यांनी ते काढून घेतलं नाही, तर बोट यापुढे तिची होणार होती.

"सुनेकडे पाठ करून काय बसलात?" सासूबाईंनी विचारलं.

"मागची रेघ बघतोय. चालवणाऱ्याचा हात थरथरला की पाण्यावर रेघ वाकडी उमटते," नातीला मांडीवर घेत सासरे म्हणाले.

भर समुद्रात आडवा प्रवाह लागला आणि बोट कलली. सुनेच्या नवऱ्याने फळीला मिठीच मारली. "अगं, सांभाळ!"

"तुम्ही आधी स्वतःला सांभाळा!" तिने वेग कमी केला आणि बोटीचं नाक अलगद प्रवाहाकडे वळवलं. बोट सावरली. समोरची नजर न हलवता तिने विचारलं,

"बाबा, रेघ कशी आहे?"

"आई, आजोबा घोरतायत!" लेक खिदळली.

"बोटीत यांचा डोळा लागलेला मी पहिल्यांदाच बघतेय गं," सासूबाई कुजबुजल्या. "किनारा आला तरी उठवू नकोस. आणखी एक फेरी मार."

तिने हसतहसत ऐटीत मोठं वळण घेतलं.