एकोणिसावी फेरी

महाळुंग्याच्या जत्रेत खेळ लावायचे ते चिंचवडच्या ज्योतीरामनेच, असं चार वर्षं चाललं होतं. पाचव्या वर्षी गावचे पंच दौलतराव पुण्याला कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि बिघडले. त्यांनी ज्योतीरामला बोलावून सांगितलं, की यंदा खेळ पुरे पाहिजेत. उंच जाणारा एक, गरगर फिरणारा एक आणि जीव घाबरवणारा एक. नाहीतर पुढल्या सालापासून जत्रेचा माळ चाकणच्या लक्ष्मणरावाला. लक्ष्मणरावाकडं मौत का कुआ होता, आणि त्यात फटफटी होती.

ज्योतीरामने घरी येऊन अंगणात कोळशाने मोजदाद केली. उंच जाणारा आकाशपाळणा होता. गरगर फिरणारी लाकडी घोड्यांची चक्री होती. तिच्यातल्या एका घोड्याला शेपूट नव्हतं, पण फिरताना ते कळत नसे. घाबरवणारं मात्र काहीच नव्हतं. नाही म्हणायला आकाशपाळण्याच्या एका फळीची भीती वाटायची, पण ती फक्त ज्योतीरामला, कारण ती त्याने स्वतः ठोकली होती.

आणखी एक खेळ होता तो त्याने मोजलाच नाही. बापाच्या वेळचा लहान पाळणा. चार पेट्या, मधे खांब, हाताने ढकलायचा. तो थोरला भाऊ दत्तोबा ढकलायचा. त्याची गती एवढी बेताची, की आईने पेटीतल्या पोराला भरवायला घेतलं तर चालता चालता अख्खी भाकरी संपे.

मौतच्या विहिरीला लाकूड लागतं. घरात चांगलं सागवान होतं ते त्या पाळण्याचं.

दत्तोबा गोठ्याच्या दारात बसून दोर वळत होता. ज्योतीरामने आडून आडून विषय काढला. दत्तोबाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बारक्या पोरांचं काय?"

"बारकी पोरं मोठी झाल्यावर आकाशपाळण्यात बसतील की," ज्योतीराम म्हणाला.

हे त्याला त्या वेळी फार बिनतोड वाटलं होतं. पुढं कितीतरी वर्षं आंघोळ करताना ते वाक्य मधेच आठवायचं आणि तो तांब्या डोक्यावर न ओतता तसाच धरून बसायचा.

 दत्तोबाने स्वतःच्या हाताने पाळणा सोडवला आणि खिळे सरळ करून डब्यात भरून दिले. आठ दिवसांनी तो पिंपरीच्या नव्या कंपनीत हातगाडी ढकलायच्या कामावर लागला. बायको मागंच वारलेली, पोरबाळ नाही, तेव्हा बिऱ्हाड हलवायला एक वळकटी पुरली. ज्योतीरामला बरंच वाटलं. भावाला पक्की नोकरी लागली असं तो चार लोकांना सांगू लागला.

इकडं विहीर उभी राहिली. सागवान पुरलं नाही म्हणून दोन जुनी दारं जोडली, तरी खोली सात फुटांवर थांबली. फटफटी मिळेना. शेवटी टपालखात्यातून निवृत्त झालेले पोस्टमन अर्जुनराव स्वतःच्या सायकलीसकट तयार झाले. जोडलेल्या दारांतलं एक त्यांच्याच घरचं, त्याची कडी तशीच राहिली होती. अर्जुनराव प्रत्येक फेरीत ती चुकवत, आणि जाणकार म्हणत की खरा धोका तेवढाच. विहीर इतकी बुटकी, की काठावरची माणसं अर्जुनराव जवळून गेले की त्यांना विचारायची, "माझं कार्ड आलं का वो?" अर्जुनराव पुढल्या फेरीला उत्तर देत.

चैत्रातली जत्रा. सकाळी नऊपर्यंत माळ माणसांनी भरला, रेवड्यांचे ढीग लागले, आणि आकाशपाळण्यात चिटपाखरू बसेना. चक्रीचे घोडे जागच्या जागी. विहिरीच्या काठावर चार म्हातारे होते तेवढेच. बाकीची बाया-माणसं माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, कडेवर तान्ही पोरं घेऊन उभी होती. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी.

ज्योतीराम चार वर्षं आकाशपाळण्यापाशी उभा राहिलेला माणूस. लिंबाखाली दर साली गर्दी असते हे त्याने पाहिलं होतं. ती सावलीला जमते असं त्याचं मत होतं.

त्याची बायको शालनबाई तिकडं जाऊन आली. खांद्यावर चार महिन्यांची इंदू.

"तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "सालात जन्मलेलं पोर पहिल्या जत्रंत भावजींच्या पाळण्यात बसतंय. पेटीत देवाचा नारळ ठेवायचा, पाच फेऱ्या. ते झाल्याबिगर त्या घरातलं कुणी कशात बसत न्हाई."

"कुणी म्हंजे किती घरं?"

"आपली इंदू सोडून अठरा पोरं हायत. चुलते, मामे, आत्या धरून गावच म्हना की."

ज्योतीरामने अंगणातली कोळशाची मोजदाद आठवली. उंच, गरगर, घाबरवणारं. दौलतरावांनीही तीनच सांगितले होते, पण दौलतरावांचं तरी काय चुकलं? लहान पाळणा हा त्यांच्या लेखी खेळ नव्हताच. तो जत्रेत असतोच, जसं ऊन असतं.

दौलतराव फेटा सावरत आले. त्यांची नात त्या अठरांत होती. त्यांनी रिकाम्या आकाशपाळण्याकडं पाहिलं, मग ज्योतीरामकडं, आणि लक्ष्मणरावाला सांगावा धाडू का एवढंच शांतपणे विचारलं.

ज्योतीरामने विहिरीत उतरून अर्जुनरावांची सायकल मागितली आणि पिंपरीची वाट धरली. खेळ बंद नको म्हणून अर्जुनराव विहिरीत पायी धावू लागले. म्हाताऱ्यांना ते जास्त आवडलं.

दत्तोबा खोलीवर सापडला. दुपारपाळी होती, तीनला फाटकाशी हजर व्हायचं होतं. ज्योतीरामने घाम पुसत सगळं सांगितलं. दत्तोबाने सदरा चढवला, टोपी घातली आणि तो सायकलीच्या दांडीवर बसला. वाटेत ज्योतीराम एकदाच बोलला.

"दादा, तुमी सांगायचं तरी व्हतं."

"मला वाटलं तुला ठावं हाय," दत्तोबा म्हणाला. "चार साल शेजारीच तर व्हतास."

दोघं पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाळणा तर नव्हताच. त्याची फळी न् फळी विहिरीला जडलेली. पण लिंबाखाली दर साली खांब रोवायचा तो खड्डा तसाच होता. दत्तोबाने त्यात नारळ ठेवला. पहिलं पोर छातीशी धरलं, पाठ वाकवली, आणि पाळणा ढकलताना जसा चालायचा तसा खड्ड्याभोवती चालू लागला. तीच गती. पाच फेऱ्या झाल्या. पोर आईकडं दिलं, दुसरं घेतलं. बायांनी एकमेकींकडं पाहून कुजबुज केली. एकीने नाक मुरडलं, पण रांग मोडून कुणी गेलं नाही. तिसरं पोर त्याच्या हातावर झोपलं, तेव्हा ती कुजबुजही थांबली.

मग आकाशपाळणा हलला. ज्यांच्या पोराच्या फेऱ्या झाल्या ती घरं चक्रीकडं, विहिरीकडं पळू लागली. शालनबाई इंदूला घेऊन पुढं सरकली, तसं ज्योतीरामने तिला अडवलं.

"आदी गावाची हू दे. आपलं घरचंच हाय."

तो चांगुलपणा करत होता. गावावर छाप पडावी हेही थोडं होतंच. शालनबाई रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

अठरावं पोर दौलतरावांची नात. ती उतरली आणि दौलतरावांनी सगळ्यांदेखत ज्योतीरामला फेटा बांधायला घेतला. खेळ पुरे हायत, माळ तुझा, असं ते म्हणत होते. फेटा लांब होता आणि दौलतरावांचा हात सावकाश. डोळ्यावर आलेला पदर त्यांनी वर केला तोवर दत्तोबा सायकलीवर टांग टाकून माळ उतरला होता. त्याला तीनचं फाटक गाठायचं होतं. खड्ड्यात नारळ होता. शालनबाई तिथंच उभी होती.

तिने इंदूचं टोपडं तेवढं नीट केलं.

रविवारी ज्योतीराम पोरीला घेऊन पिंपरीला गेला. दत्तोबाने तिला मांडीवर घेतलं, चुरमुरे दाखवले, पण फेरी मारली नाही.

"जत्रंतली ती जत्रंत," तो म्हणाला. "पहिली जत्रा झाली तिची."

"नवा पाळणा करतो, दादा. तुमी परत या."

"हितं बरं हाय राव. भोंगा झाला की सगळं आपसूक फिरतंय. मी फकस्त गाडी ढकलायची, आन् तिच्यात कुणी रडत न्हाई." मग म्हणाला, "हसत बी न्हाई म्हना."

पुढच्या साली ज्योतीरामने नवा लहान पाळणा केला. लोखंडी, सहा पेट्यांचा. तो ढकलायला गडी ठेवला. त्याच्या पाच फेऱ्या भाकरीचा घास तोडेपर्यंत संपत. बाया पोरं बसवत, नारळ ठेवत, आणि दत्तोबा बरा आहे ना एवढं विचारून जात. मौतची विहीर मोडून अर्जुनरावांना त्यांचं दार परत दिलं. कडी शाबूत होती.

ज्योतीरामचे खेळ पुढं वाढले. झोके आले, होडी आली, आणखी एक आकाशपाळणा आला. दौलतराव पाहुण्यांना हात धरून दाखवायचे, की बघा, आमच्याकडं काही कमी नाही. पाहुणे वर बसून ज्योतीरामला हाका मारायचे, मालक, या की बसा एकदा.

तो खालीच उभा राही. त्याच्या घरातलं पोर बसायचं राहिलं होतं.