पांढऱ्या रंगाखालचा गाळ

दोष बच्छाव सरांचा. नाशिकच्या एका कॉलेजात भूगोलाचे विभागप्रमुख, वय एकोणसाठ, टापटिपीची भारी हौस. मी गाळ बोलतोय. मी सरांना घाबरत नाही. मला नापास कोण करणार?

सटाण्याकडच्या एका तळ्यात मी दहा हजार वर्षं साठत होतो. चांगल्या पावसाचा काळा थर, दुष्काळाचा पांढरट. पीएचडी करणाऱ्या निकिताने पाइप ठोकून मला काढलं. काठावर म्हशी राखणाऱ्या लंकाबाई म्हणाल्या, "गाळच पाहिजे ते ट्रॉली भरीसन लई जा ना, बेटा. पाइपमा काय मावस?"

समुद्रतळाचा गाळ आणि ध्रुवांवरच्या बर्फात अडकलेली हवा यांतून शास्त्रज्ञांना हिमयुगं कळली. पृथ्वीचा कल नि कक्षा बदलतात, त्या तालावर हिमयुगं येत-जात राहिली. हे उमगलं ते थर ओळीने वाचून. खालचा जुना, वरचा नवा. आपल्याकडचा पाऊस कधी हटला, ते मी सांगणार होतो.

माझे फूटफूटभर बारा तुकडे केले. प्रत्येक पाइपवर मार्करने नंबर आणि वरच्या टोकाकडे बाण. पुढच्या उन्हाळ्यात जेसीबीने तळं तळापर्यंत उपसलं. उरलो मी एकटा.

मग कॉलेज तपासायला समिती येणार होती. निकिता पुण्याला, प्रयोगशाळेची तारीख घ्यायला गेलेली.

"मंगळू, हे पाइप थिनरने पूस. पांढरा रंग मार."

"सर, नंबर हायेत त्याच्यावर. बाण बी हे."

"मी नवीन देतो ना नंबर! तू शिकवणार मला?"

शिपाई मंगळूने निकिताताईंना फोन लावू का, असंही विचारलं. सरांनी बोळा त्याच्या हातात कोंबला. मला ओरडता येत नाही. पहिला बाण गेला, दुसरा गेला. बारावा पुसताना मंगळू थांबला. सर तिथेच उभे होते. तोही गेला.

समितीने फोटो काढला. शेरा : सुंदर मांडणी.

निकिता परतली. "सर, यातला वरचा तुकडा कुठला?"

"अगं, गाळ तो गाळ. मोठ्यांना उलट विचारायचं नसतं."

प्रयोगशाळा दोनच तुकड्यांचं वय काढून देणार होती. उरलेले दहा कसे लावायचे?

आता मी काचेच्या कपाटात उभा आहे, सरांच्या नंबरांनी. माझ्यावरून कुणी काही शिकवलं, तर विश्वास ठेवू नका.

निकिताची चार वर्षं गेली. तिने पीएचडी सोडली.